पाहुण्या कलाकाराच्या भागावर चाहते चिडतात, तेव्हा ते नेमके कशावर चिडलेले असतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण सोलापुरातील काही मैत्रिणी मिळून 'ग्ली' ही अमेरिकन संगीतमालिका पहिल्या पर्वापासून क्रमाने पाहत आहात. दुसऱ्या पर्वातील ज्या भागात ग्विनेथ पॅल्ट्रो बदली शिक्षिका म्हणून येते, तो पाहिल्यावर आपल्यात सरळ दोन तट पडले. एका गटाला तो आजवरचा सर्वांत रंगलेला भाग वाटला. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे, की या पाहुणीने मुलांची गाणी खाल्ली, आणि मुळात ती गायिका नसल्यामुळे तिचा आवाज यंत्राने सुरात आणलेला आहे. याच दुसऱ्या गटाला पहिल्या पर्वातील क्रिस्टिन चेनोवेथचा पाहुणी म्हणून आलेला भाग मात्र मनापासून आवडला होता, हेही आपण लिहिले आहे. यात खरे कोणाचे, आणि चिडलेल्या मैत्रिणींना संगीत कळत नाही असे म्हणावे का, हे आपण विचारले आहे.

मी सोलापुरात बरीच वर्षे वाद्यवृंदांसाठी संगीत संयोजन आणि ध्वनिमुद्रण करतो, आणि बाहेरगावाहून नामवंत गायक येतात तेव्हा त्यांच्या साथीची जबाबदारी बहुधा माझ्याकडे असते. पाहुणा कलाकार आला की कार्यक्रमाचे काय होते आणि श्रोत्यांचे काय होते, हे मी रंगमंचाच्या बाजूने सतत पाहत आलो आहे. त्या अनुभवातूनच हे उत्तर लिहीत आहे.

वाद एकच दिसत असला, तरी त्यात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. पाहुणीचा आवाज खरा आहे का, हा पहिला. तिच्या येण्याने कोणाच्या वाट्याचे काय गेले, हा दुसरा. आणि तिचे पात्र कथेत बसले का, हा तिसरा. माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचायला सोपे जाईल: चिडलेले चाहते आवाजाबद्दल चुकतात आणि वाट्याबद्दल बहुतेक वेळा बरोबर असतात. मात्र वाट्याची तक्रार उघडपणे मांडणे अवघड जाते, ती क्षुद्र वाटण्याची भीती असते, म्हणून ती आवाजाच्या तक्रारीचे रूप घेऊन बाहेर येते. पाहुण्या कलाकाराच्या भागावरची जवळजवळ सगळी भांडणे मला अशीच दिसली आहेत.

आधी आवाजाचे पाहू, कारण तिथे वस्तुस्थिती स्पष्ट आहे. 'ग्ली'मधील गाणी चित्रीकरणाच्या आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली जात, आणि सेटवर ती वाजवून कलाकार त्यांवर ओठ हलवत. यात फसवणूक काहीच नाही. एकच गाणे अनेक कोनांतून, अनेकदा थांबून चित्रित करावे लागते; प्रत्येक वेळी ते प्रत्यक्ष गायले, तर लय आणि स्वर किंचित बदलतात आणि संकलनात तुकडे एकमेकांना जुळत नाहीत. आपल्या हिंदी आणि मराठी चित्रपटांतली गाणीही याच पद्धतीने चित्रित होतात. फरक एवढाच, की आपल्याकडे पडद्यावरचा चेहरा आणि गाणारा गळा बहुधा वेगवेगळे असतात, आणि 'ग्ली'मध्ये कलाकार सामान्यतः स्वतःच्याच आवाजात गातात. म्हणजे 'सेटवर ती गायलीच नाही' ही तक्रार खरी असली, तरी ती मालिकेतल्या प्रत्येक कलाकाराला सारखीच लागू पडते.

आता यंत्राविषयी. स्वर दुरुस्त करणारी 'ऑटो-ट्यून' ही प्रणाली १९९७ साली बाजारात आली. ती तयार करणारे अँडी हिल्डब्रँड हे त्याआधी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालून परतणाऱ्या कंपनांचे विश्लेषण करण्याच्या क्षेत्रात होते, आणि तिथले गणित त्यांनी गळ्यातून निघणारा स्वर ओळखण्यासाठी वापरले. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या एका गाण्यात तिचा परिणाम मुद्दाम ठळक ठेवला गेला आणि तो यांत्रिक, पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा आवाज जगभर ओळखीचा झाला. तेव्हापासून या साधनाचे दोन उपयोग चालत आले आहेत. एक म्हणजे ऐकणाऱ्याला पत्ता लागू न देता चुकार स्वर जागेवर आणणे, आणि दुसरा म्हणजे यंत्र वापरले आहे हे दाखवण्यासाठीच ते वापरणे.

मी स्वतः हे काम करतो, तेव्हा पडद्यावर गायलेली ओळ नागमोडी दोऱ्यासारखी दिसते. आपल्या गळ्यातली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, हा त्या दोऱ्याचा उतार असतो. यंत्राची पकड कडक ठेवली, की त्या उताराच्या पायऱ्या होतात आणि लावणीतली किंवा नाट्यपदातली हरकत जागच्या जागी मरते. म्हणून मराठी गाण्यात मी ओळीच्या शेवटी धरलेला एखादा लांब स्वरच तेवढा हलक्या हाताने सरळ करतो आणि बाकीच्याला हात लावत नाही. पाश्चात्त्य पॉप संगीतात स्वर बरेचसे सरळ उभे असतात, त्यामुळे तिथे अशी दुरुस्ती सर्रास केली तरी गाणे मोडत नाही. सगळे आवाज थोडे गुळगुळीत आणि एकमेकांसारखे मात्र होतात. 'ग्ली'च्या नेहमीच्या कलाकारांच्या आवाजांबद्दल ही तक्रार या भागाच्या आधीपासून होत आली आहे, आणि ती योग्य आहे. लिया मिशेल (मालिकेतली रेचल) किंवा अँबर रायली (मर्सिडीज) यांच्यासारख्या भक्कम गळ्यांनाही त्या गुळगुळीतपणाची गरज नव्हती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आपल्याला स्वतःच्या कानांनी पडताळायचे असेल, तर हेडफोन लावून शब्दाची सुरुवात ऐका. माणूस स्वर लावतो, तेव्हा पहिल्या क्षणी तो किंचित खालून येऊन स्वरावर पोहोचतो. अगदी तयारीच्या गायकाचेही असे होते. दुरुस्त केलेला स्वर मात्र पहिल्या क्षणापासून ताठ उभा असतो. श्वासाचाही माग काढता येतो. दोन ओळींच्या मधला श्वास कापून टाकला असेल, तर गाणारी व्यक्ती कुठे थकली हे कळतच नाही, आणि न थकणारा गळा कानाला परका वाटतो.

या कसोटीवर त्या भागातले पाहुणीचे पहिले मोठे गाणे ऐका. सी-लो ग्रीनचे त्या सुमारास गाजत असलेले, मूळची शिवी वगळून सौम्य केलेले हे गाणे आहे. त्यात दमसास लावून धरून ठेवायचे स्वर कमी, आणि तालावर फेकायच्या तुटक, बोलल्यासारख्या ओळी जास्त. मागून मुलांचे आवाज भर घालतात. जिचा व्यवसाय अभिनयाचा आहे, तिच्यासाठी गाणे निवडायचे तर मीही असेच निवडले असते, कारण इथे गळ्याच्या पल्ल्यापेक्षा ठसका आणि वेळ साधण्याचे कसब महत्त्वाचे असते, आणि ते अभिनेत्रीकडे असतेच.

'ती गायिकाच नाही' हेही पूर्ण खरे नाही. २००० साली एका चित्रपटासाठी तिने ह्यूई लुईससोबत गायलेले युगुलगीत ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते, आणि हा भाग प्रसारित झाला त्याच नोव्हेंबरात तिने नॅशव्हिल येथील कंट्री संगीताच्या पुरस्कार सोहळ्यात रंगमंचावर गाणे सादर केले होते. ती मोठी गायिका आहे असे मी म्हणणार नाही. पण सुरात गाणारी, स्वतःच्या मर्यादा ओळखून गाणारी अभिनेत्री ती नक्कीच आहे. तिचा गळा नीट पारखायचा असेल, तर ती याच पर्वात पुढे पुन्हा येते, आणि एप्रिल २०११मधल्या एका भागात अडेलचे एक संथ गाणे गाते. संथ गाण्यात लपायला जागा नसते. निर्णय करायचाच तर त्या गाण्यावर करावा.

आता वाट्याकडे येतो. माझ्या मते आपल्या वादाचे मूळ इथेच आहे.

अमेरिकन वाहिनीवरच्या तासाभराच्या मालिकेत जाहिराती वजा केल्यावर साधारण बेचाळीस ते चव्वेचाळीस मिनिटे उरतात. १६ नोव्हेंबर २०१० रोजी प्रसारित झालेल्या या भागात चार मोठी गाणी आहेत. पहिले पाहुणीचे, मुलांची साथ असलेले. दुसरे गायनगटाचे शिक्षक विल शूस्टर सर आजारी पडलेले असताना त्यांच्या स्वप्नातले, त्यांनी आणि गटातल्या माइक चँगने मिळून सादर केलेले. तिसरे पाहुणी आणि रेचल यांचे युगुलगीत. चौथे शेवटचे, पावसातले, ज्यात एक जुने चित्रपटगीत आणि रिहानाचे एक नवे गाणे एकत्र विणले आहे; त्यात विल, पाहुणी आणि सगळी मुले आहेत. म्हणजे चारांपैकी तिन्हींत पाहुणी पुढे, उरलेल्या एकात शिक्षक, आणि केवळ विद्यार्थ्यांनी पेललेले गाणे एकही नाही. मालिकेचा विषयच शाळेतल्या दुर्लक्षित मुलांना गाण्यातून मिळणारा आवाज हा असताना, या हिशेबाकडे डोळेझाक करता येत नाही.

त्यातही मर्सिडीजची गोष्ट पाहा. त्या वेळच्या संचात सर्वांत दणकट गळा जिचा, त्या मुलीच्या वाट्याला या भागात काय आले? उपाहारगृहातून बंद केलेल्या बटाट्याच्या तळलेल्या गोळ्यांसाठी आंदोलन करणे. जिवलग मित्र कर्ट नव्या मित्रात रमल्यामुळे ती एकटी पडली आहे, ही खरी करुण बाजू त्या कथानकाला होती, पण तिला स्वतःचे गाणे दिलेले नाही. ज्या चाहत्यांचा जीव मर्सिडीजवर आहे, त्यांनी हा भाग पाहून हात चोळत बसणे मला अगदी स्वाभाविक वाटते. याउलट माइक चँगचा चाहता खूश होणार, कारण नेहमी मागच्या रांगेत नाचणाऱ्या या मुलाला इथे मधोमध जागा मिळाली. कोणाला भाग कसा वाटला, हे पुष्कळसे त्याचा जीव कोणावर जडला आहे यावर अवलंबून असते, आणि त्यात गैर काही नाही.

वाट्याची तक्रार आवाजाच्या तक्रारीत कशी बदलते, हे मी आपल्या गावात फार जवळून पाहिले आहे. सोलापूरचा श्रोता एका भाषेचा नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी बोलणारी माणसे एकाच सभागृहात शेजारी शेजारी बसतात, आणि इथल्या वाद्यवृंदांतले चांगले गायक हे ओळखून यादी लावतात. पूर्व भागातून आलेल्या तेलुगू भाषक मंडळींसाठी एक तरी तेलुगू गाणे ठेवायचे, हा अलिखित नियम असतो. ते गाणे म्हणणारी स्थानिक गायिका त्या मंडळींची जणू घरचीच झालेली असते. दूरचित्रवाणीवरून माहीत झालेला पाहुणा गायक येणार असे ठरले, की यादी पुन्हा लिहिली जाते. आयोजकांना वेळ वाढवता येत नाही, सभागृह ठरल्या वेळी रिकामे करावे लागते. मग पहिली काट बसते ती याच गाण्यावर, कारण पाहुण्याला ते येत नसते आणि 'एका गाण्याने काय होते' असे सर्वांना वाटते.

हुतात्मा स्मृती मंदिर या इथल्या नाट्यगृहात अशा कार्यक्रमाच्या मध्यंतरात चहाच्या टपरीपाशी उभे राहिले, की लोकांचे बोलणे कानावर येते. 'पाहुण्याचा आवाज बसलाय.' 'टीव्हीवर बरा वाटतो, इथं उघडा पडला.' 'मागं ट्रॅक वाजवतोय, ओठ हलवतोय नुसते.' मी त्याच ध्वनिव्यवस्थेवर बसलेलो असतो. गायक चांगला गात असतो, मायक्रोफोन सुरू असतो, वादक समोर वाजवत असतात, हे मला पक्के ठाऊक असते. मग थोडे बोलते केले, की हळूच खरे दुखणे बाहेर येते: 'आमचं गाणं झालं नाही.' ही माणसे खोटे बोलत नसतात. मन खट्टू झाले, की कानही कडक होतात, आणि एरवी ज्या स्वराकडे दुर्लक्ष केले असते तोच स्वर टोचू लागतो.

याच कार्यक्रमाची दुसरी बाजूही सांगायला हवी. पाहुण्याच्या नावामुळे तिकिटे जातात, एरवी न येणारी माणसे येतात, आणि त्यांतली काही स्थानिक गायकांना पहिल्यांदाच ऐकतात. पाहुणा नको असे म्हणणारा आयोजक मला आजवर भेटलेला नाही, आणि मीही तसे म्हणणार नाही. मालिकांचेही तेच असते. मोठ्या नावामुळे नवा प्रेक्षक येतो, हे निर्मात्यांचे गणित चुकीचे नाही. मात्र पंगतीत पाहुण्याला वाढायचे म्हणून घरच्या मुलांच्या ताटातले काढून घेतले, तर मुले रुसणारच, मग पाहुणा कितीही गोड असो.

पाहुण्याला आणून घरच्यांचे राखता येते का? येते, आणि त्याचा पुरावा आपल्याच प्रश्नात आहे. ३० सप्टेंबर २००९ रोजी प्रसारित झालेला चेनोवेथचा भाग आठवून पाहा. चेनोवेथ ही ब्रॉडवेची, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीची, नावाजलेली गायिका, १९९९ साली तिथला टोनी पुरस्कार मिळवलेली. गळ्याच्या ताकदीत ती पॅल्ट्रोपेक्षा कितीतरी वरची. वाद खरोखर आवाजाचा असता, तर मोठ्या आवाजाने मुलांना अधिक झाकोळले असते आणि आपल्या मैत्रिणी त्या भागावर जास्त चिडल्या असत्या. झाले उलटेच.

त्याचे कारण रचनेत सापडते. रेचल शाळेच्या नाटकासाठी गायनगट सोडून गेलेली आहे, आणि तिची जागा भरायला शिक्षण अर्धवट सोडलेली एप्रिल ऱ्होड्स (हीच चेनोवेथची भूमिका) परत शाळेत आणली जाते. म्हणजे पाहुणी रिकाम्या जागेवर बसते. त्या भागातल्या एका महत्त्वाच्या गाण्यात तर एप्रिल गटासोबत आणि रेचल नाटकाच्या तालमीत, अशा दोघी तेच गाणे गाताना आलटून पालटून दिसतात. पाहुणीच्या प्रत्येक ओळीला घरच्या मुलीच्या ओळीचे उत्तर मिळते. आणि शेवटी, ही वेळ या मुलांची आहे हे ओळखून एप्रिल स्वतःहून बाजूला होते, रेचल परत येते आणि समारोपाचे गाणे मुले पाहुणीशिवाय गातात. प्रेक्षक घरी जाताना कानात मुलांचे आवाज घेऊन जातो. संयोजक म्हणून मला ही रचना अतिशय शहाणपणाची वाटते. आमच्या कार्यक्रमांतही पाहुण्याला शेवटी न ठेवता शेवटून दुसरा ठेवावा आणि समारोपाचे गाणे स्थानिक गायकांना द्यावे, असा आग्रह मी धरतो. आयोजक दर वेळी ऐकतात असे नाही, कारण पाहुणा गेला की खुर्च्या रिकाम्या होतील ही त्यांची धास्ती असते, आणि ती निराधार नाही. पाहुण्याला शेवटच्या गाण्यात एका कडव्यापुरते सामील करून घेतले, तर दोन्ही गोष्टी साधतात.

युगुलगीताबाबत एक तांत्रिक बाब सांगतो, कारण तिथे अन्याय डोळ्यांना दिसत नाही. पाहुण्यासोबत स्थानिक गायिकेचे युगुलगीत ठेवले, की पट्टी पाहुण्याच्या सोयीची लागते. स्थानिक गायिकेला मग वरचे स्वर ओढून लावावे लागतात किंवा खालचे पुटपुटावे लागतात, आणि ऐकणारे म्हणतात, की ती पाहुण्यापुढे कमी पडली. गळा तोच असतो. फक्त पट्टी परकी असते. पॅल्ट्रोच्या भागातले रेचलसोबतचे युगुलगीत या कसोटीवर निर्दोष आहे. ते मुळातच दोन स्त्रियांनी बरोबरीने पेलायचे ब्रॉडवेचे गाणे आहे आणि रेचलच्या हातखंडा प्रकारातले आहे, त्यामुळे तिथे ती पाहुणीपुढे तसूभरही मागे राहत नाही. त्या भागाची बाजू घेणाऱ्या मैत्रिणींनी आपल्या बाजूने पहिला दाखला म्हणून हे गाणे मांडावे.

पाहुणा आणि घरचा समोरासमोर आले, की चाहत्यांत तट पडणार, हे आपल्याकडे दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधीपासून चालत आलेले आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन स्पर्धक मंडळ्यांचे दोन शिखरावरचे गायक नट एका नाटकात, आणि दोघांचेही चाहते समोर. कोणाचे पद अधिक रंगले, याची चर्चा मराठी नाट्यरसिकांत पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. त्या चर्चेत कडवटपणापेक्षा अभिमान अधिक होता, आणि मला त्याचे कारण हे दिसते, की तिथे कोणीच पाहुणा नव्हता. दोघांना तोलामोलाच्या भूमिका होत्या आणि प्रत्येकाची पदे त्याचीच राहिली. 'कोण चांगले गायले' हा वाद रसिकतेचा आहे. 'ही इथे का गायली' हा वाद वाटपाचा आहे. आपल्या दोन गटांत सध्या एक गट पहिला वाद घालतो आहे आणि दुसरा दुसरा, म्हणून ते एकमेकांचे ऐकूनच घेत नाहीत.

आपल्या दूरचित्रवाणीवर २००८-०९ साली 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'ने घराघरांत अशीच माया निर्माण केली होती. आठवड्यामागून आठवडे तीच मुले गाताना पाहिली, मोबाइलवरून मते पाठवली, की प्रेक्षकाला ती आपल्या घरातली वाटू लागतात. कार्तिकी गायकवाड विजेती ठरली, तेव्हा इतर चार मुलांचे चाहते किती हळहळले, हे ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना आठवत असेल. अशा कार्यक्रमांत येणारे मान्यवर बहुधा परीक्षकांच्या बाजूला बसतात, दाद देतात, आग्रह झाला तर दोन ओळी गुणगुणतात. गाण्याचा मुख्य वेळ मुलांकडेच राहतो. पाहुणा मुलांच्या जागी उभा राहत नाही, म्हणून तिथे त्याच्याबद्दल राग सहसा दिसत नाही.

तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे पात्र कथेत बसले का यावर, थोडक्यात लिहितो. माझ्या मते ते चांगले बसले. हॉली हॉलिडे, म्हणजे पॅल्ट्रोने साकारलेली बदली शिक्षिका, मुलांना काय गायचे आहे ते विचारते, जे विल सहसा करत नाही; पण मर्सिडीजवर कारवाईची वेळ येते, तेव्हा या हसऱ्या बदली शिक्षिकेला ते निभावता येत नाही आणि ती विलकडे धाव घेते. रोजची जबाबदारी रोजच्या शिक्षकानेच पेलायची असते, असा निकाल कथाच देते, म्हणजे लेखक आणि चिडलेले चाहते इथे एकाच बाजूला आहेत. या भूमिकेसाठी पॅल्ट्रोला २०११ साली पाहुण्या अभिनेत्रीचा एमी हा दूरचित्रवाणीचा पुरस्कार मिळाला. मात्र तो अभिनयाचा सन्मान होता, आणि गाण्यांच्या वाटपाच्या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. आधीच्या वर्षी नील पॅट्रिक हॅरिसला याच मालिकेसाठी पाहुण्या अभिनेत्याचा एमी मिळाला होता, यावरून पाहुण्यांच्या भूमिका लिहिण्यात ही मालिका किती निष्णात होती, तेवढे कळते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, हेही मान्य केले पाहिजे. २०१०मध्ये हा भाग पाहणाऱ्यांना पुढच्या भागासाठी आठवडाभर थांबावे लागत होते. त्यांचा तो अख्खा आठवडा पाहुणीने घेतला होता, आणि ती पुन्हा येणार का, हेही त्यांना ठाऊक नव्हते. आपण सलग पाहता; आपली चाळीस-पंचेचाळीस मिनिटे जातात आणि त्याच संध्याकाळी मुले परत गाऊ लागतात. एवढे असूनही आपल्यातल्या काहींना राग आला, यावरून त्यांना ती मुले किती आपली वाटतात ते दिसते. जिने अधूनमधून भाग पाहिले असतील, तिला असे नाते जडलेले नसणार, आणि तिला हा भाग नुसता मजेदार वाटला तर तीही चुकत नाही.

इथवर आलेले एकत्र सांगायचे, तर आवाजाचा आक्षेप पाहुणीवर टिकत नाही, वाट्याचा आक्षेप गाण्यांच्या हिशेबावर टिकतो, आणि पात्राबद्दल दोन्ही गटांत फारसा मतभेद असण्याचे कारण नाही.

आता वाद मिटवायचा कसा? दोन्ही भाग एकाच बैठकीत पुन्हा पाहा. प्रत्येक गाण्याच्या वेळी एका कागदावर तीनच गोष्टी टिपा: मुख्य ओळी कोणाकडे आहेत, कॅमेरा कोणावर जास्त थांबतो, आणि गाणे संपताना चौकटीच्या मधोमध कोण उभे आहे. तिसरी गोष्ट विशेष जपून टिपा. कार्यक्रमातही मी तीच पाहतो, कारण टाळ्या पडतात तेव्हा मधोमध जो असतो, त्याच्या नावावर ते गाणे जमा होते, मागे कितीही जण गायलेले असोत. त्यानंतर तीच गाणी पडद्याकडे पाठ करून नुसती ऐका. चेहरा समोर नसला, की मुलांचा आवाज किती आहे आणि पाहुणीचा किती, याचा अंदाज पुष्कळ बदलतो. पॅल्ट्रोच्या पहिल्या गाण्यात मुलांचे काम पाहताना वाटते त्यापेक्षा जास्त आहे, असे मला ऐकताना जाणवले.

चिडलेल्या मैत्रिणींना संगीत कळत नाही, असे कृपया म्हणू नका. कोणाचे गाणे कोणी गायले, याचा हिशेब मनात ठेवणारा श्रोता हा संगीताकडे सर्वांत बारकाईने लक्ष देणारा श्रोता असतो; आमच्या कार्यक्रमांत 'आमचं गाणं झालं नाही' म्हणणारी माणसेच पुढच्या वेळी पहिल्या रांगेत येऊन बसतात. 'पाहुणीने मुलांची गाणी खाल्ली' हे वाक्य त्यांनी मागे घेण्याची गरज नाही. यंत्राचा मुद्दा मात्र त्यांनी सोडावा, कारण तो लावायचाच झाला तर पहिल्या पर्वाच्या पहिल्या भागापासून सगळ्यांना लावावा लागेल, आणि मग रेचल आणि मर्सिडीजही त्यातून सुटणार नाहीत.